सुईविना अॅक्युपंक्चर मशीन: काळी वायर मेलेली, तरी डावा गुडघा बरा

मोड किती, बॅटरी किती चालते ते सगळं दुकानाच्या पानावर आहेच. मी वायरीबद्दल लिहिणार आहे.

अॅक्युपंक्चरमध्ये सुया टोचतात, इथे त्याऐवजी पॅडमधून हलका करंट. डबीतून दोन वायरी निघतात आणि प्रत्येकीला दोन चिकट पॅड. तांबडी उजव्या गुडघ्याला, काळी डाव्याला, असं मी पावसाळ्यापासून लावतेय. डावा जास्त दुखायचा. दिवाळीपर्यंत दोन्ही सारखेच हलके झाले, निपाणीच्या गुरुवारच्या बाजारातली पिशवी घेऊन जिना चढायला लागले, आणि त्या आनंदात पाच तारे देऊन मोकळी झाले.

मग तांबडी वायर पिनेपाशी ढिली झाली. रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने ती लगेच जोडली, सहज काळीलाही मीटर लावला आणि म्हणाला, "बाई, ह्यातनं करंटच जात न्हाई की ओ. आत तांबं हिरवं पडलंय. आजचं न्हवं हे." हिरवा दिवा मात्र दोन्हीकडचा लागतो! दिव्याला वायरीशी काही देणंघेणंच नाही. आणि विकणारा पोरगा म्हणाला होता, झिणझिण्या आल्याच पाहिजेत असं नाही.

हेल्पलाइनवर हिंदी किंवा कन्नड. माझं कन्नड कंडक्टरशी बोलण्यापुरतं. अर्धा तास गाणं ऐकवून उत्तर काय, तर वायर आणि पॅड वॉरंटीत येत नाहीत. मग वॉरंटी कशाची, डबीच्या प्लॅस्टिकची?

पैसे परत मागायचं ठरवलं होतं, पण कोणत्या तोंडाने मागू? गुडघा तर बरा आहे. शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे वाचत बसले, आणि रागाचं हसू झालं. ब्रिटनमध्ये मानदुखीवर एक चाचणी झाली, ती 2004 साली छापून आली. तिथे खऱ्या सुयांसमोर प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठीचा खोटा उपचार, म्हणून काय ठेवलं होतं? मुद्दाम निकामी केलेलं इलेक्ट्रो-अॅक्युपंक्चर मशीन. म्हणजे त्यांनी खोटं म्हणून वापरलं, ते मी पावणेतीन हजाराला खरं म्हणून घेतलं. सुयांचा फायदा थोडा जास्त निघाला, पण रुग्णाला जाणवावा इतका नाही.

औषधाचं सोपं असतं, तशीच दिसणारी साखरेची गोळी द्यायची. टोचायचं सोंग कसं करणार? 1998 मध्ये श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेन्त्स यांनी नाटकातल्या खंजिरासारखी सुई काढली. टोक बोथट, दाबली की मुठीत सरकते, रुग्णाला वाटतं टोचली. अमेरिकेत 2009 च्या कंबरदुखीच्या चाचणीत तर नळीतून दात कोरायची काडी टेकवली. 638 माणसं होती. काडीवाले आणि सुईवाले सारखेच सुधारले, नेहमीच्या उपचारावर राहिलेल्यांपेक्षा दोघेही जास्त. जर्मनीत 2007 ला 1162 कंबरदुखीवाल्यांत खऱ्या सुईने 47.6 टक्के, खोट्या सुईने 44.2 टक्के आणि नेहमीच्या उपचाराने 27.4 टक्के लोकांना सहा महिन्यांनी फरक होता.

इथपर्यंत वाचून मी एक तारा टाइप करून ठेवला होता. पण जर्मनीतली खोटी सुई सुईच होती, फक्त वरवर आणि भलत्या जागी टोचलेली. काडीही कातडीला टेकतेच, आणि नुसत्या स्पर्शानेही मज्जातंतू जागे होतात. मग खरं-खोटं सारखं निघालं म्हणजे खरं निरुपयोगी, की खोटंही थोडं काम करतंय? बरं, ज्यांना सुई मिळालीच नाही त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणजे त्यांच्याशी केलेली तुलनाही निखळ नाही. माझा डावा गुडघाही असाच लबाड साक्षीदार. त्यालाही गार जेल लागत होतं, तोही पाय लांब करून वीस मिनिटं पडत होता, आणि तेवढा वेळ घरात कोणी चहा मागत नव्हतं. शिवाय मशीन घेतलं ऐन दुखण्याच्या भरात, तिथून दुखणं उतरणारच होतं. तांबडीचा करंट दुसऱ्या गुडघ्यालाही उपयोगी पडला नसेल, हे कशावरून?

म्हणून नवी वायर आणली आणि जाऊबाईंना बसवलं. मी डोळे मिटायचे, त्यांनी मेलेली किंवा जिवंत, कुठलीही लावायची. करंट वाढवला की झिणझिण्याच चहाडी करतात. अगदी कमी ठेवला तर मला ओळखता येत नाही, पण जाऊबाईंचा आवाज बदलतो. मेलेली लावली की "बरं वाटतंय का गं?" फार मायेने विचारतात. जपानात ताकाकुरा आणि याजिमा यांनी 2007 मध्ये टोचणाऱ्यालाही कळू नये अशी सुई काढली, ती का, ते इथे समजलं. चौथ्या दिवशी जाऊबाई मशीन स्वतःच्या पाठीला लावून बसल्या आणि चाचणी संपली.

खऱ्या सुया बेळगावात मिळतात. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेत तिथवर तिकीट नाही, कोल्हापूर जवळ असूनही महाराष्ट्रात, म्हणून तिकडे तिकीट पडतं. पण बस फुकट असली तरी दर खेपेची फी आहेच, आणि वीस मिनिटं पाय लांब करून घरीही पडता येतं.

सध्या दोन तारे, तेही तांबडीचे. घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला दोन्ही वायरींना मीटर लावायला सांगा, दिव्यावर जाऊ नका. कंपनी वायरीचे साडेसहाशे मागते. आमच्या दुरुस्तीवाल्याने एकशे ऐंशीत करून दिली.