कॉन्फिगला टॉमल घ्यायचं की यामल? आधी बघा फाइलमध्ये लिहिणार कोण

पायथनमध्ये नवीन टूल सुरू केलं की सेटिंगची फाइल कशात ठेवायची यावर वाद ठरलेला, आणि टॉमल, यामल, जेसन, आयएनआय (हे सगळे सेटिंग लिहायचे फॉरमॅट) यातलं जो तो आपल्या आवडीचं नाव पुढे करतो. वाचायला सगळेच सोपे हो, दोन ओळींत डिक्शनरी (नाव आणि किमतीच्या जोड्या) हातात येते. खरी गंमत प्रोग्रामला त्याच फाइलमध्ये परत लिहायचं असतं तेव्हा कळते.

माझंच सांगतो. एका यामल फाइलमधला टाइमआउट ६० चा ९० करायचा होता, छोटी स्क्रिप्ट लिहिली, पाययामलने (पायथनची यामल वाचायची-लिहायची लायब्ररी) लोड केलं, आकडा बदलला, डंप केलं, म्हणजे परत फाइलमध्ये लिहिलं. आकडा बदलला बरोबर, पण त्याच्या वर कोणीतरी लिहून ठेवलेलं 'हा ६० च्या खाली नेऊ नका, बॅकअप अर्धवट राहतो' ते गायब, बाकीच्या कॉमेंटही गायब, वर सगळ्या कीज (सेटिंगची नावं) एबीसीडीच्या क्रमाने लागलेल्या, म्हणजे गिटच्या डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत) अख्खी फाइल लाल-हिरवी! क्रमाचं 'सॉर्ट कीज' फॉल्स दिलं की सुटतं. कॉमेंटचं नाही सुटत, कारण पार्सर (फाइल वाचणारा कोड) त्या वाचतानाच टाकून देतो, डिक्शनरीत त्यांना जागाच नाही. कॉमेंट टिकवायच्या तर यामलसाठी रुआमेल आणि टॉमलसाठी टॉमलकिट, हे दोन्ही वेगळे इन्स्टॉल करावे लागतात.

आता यामलचा दुसरा त्रास. दिसायला सगळ्यात देखणं तेच, पण न विचारता अंदाज बांधतं. पाययामल अजून यामल १.१ चे नियम पाळतं, त्यात कोट्सशिवाय 'नो' लिहिलं की फॉल्स होतं, म्हणून देशांच्या कोडच्या यादीत नॉर्वे (कोड NO) गळतो. व्हर्जन ३.१० लिहिलं तर ३.१ होतं. आणि वेळ १०:३० लिहिली तर हातात ६३० येतं, कारण ते त्याला साठाच्या पटीतला आकडा समजतं (१० गुणिले ६० अधिक ३०). वर मजा म्हणजे ०९:३० मात्र स्ट्रिंगच राहते, म्हणजे नऊच्या वेळेवर टेस्ट केलं तर पास आणि दहाची टाकली की धपकन. शोधत बसा! आणि काहीही करा, पण बाहेरून आलेल्या फाइलला सेफ-लोडच (पाययामलचं सुरक्षितपणे वाचणारं फंक्शन) वापरा.

टॉमलमध्ये असले लाड नाहीत. १.० च्या नियमाप्रमाणे कोट्सशिवाय १०:३० लिहिलं तर सरळ एरर, सेकंद धरून १०:३०:०० लिहिलं तर खरीखुरी वेळ मिळते. मला हेच आवडतं, चूक फाइल उघडतानाच कळलेली बरी. पायथन ३.११ पासून टॉमल वाचणारं टॉमललिब आतच येतं, फाइल बायनरी मोडमध्ये उघडावी लागते एवढं लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच रनला अडखळाल. पण ते फक्त वाचतं, लिहीत नाही! लिहायला टॉमली-डब्ल्यू किंवा वर सांगितलेलं टॉमलकिट. खोलवर नेस्टिंग (एकात एक सेटिंग) असेल तर मात्र ते दुहेरी चौकोनी कंस बघून डोळे दुखतात, चार-पाच पातळ्या असतील तर यामलच परवडतं.

जेसनमध्ये कॉमेंटच नाहीत, शेवटचा जादा स्वल्पविराम चालत नाही, माणसाने हाताने भरायची फाइल म्हणून मी कधीच घेणार नाही. पण प्रोग्रामनेच लिहायचं आणि प्रोग्रामनेच वाचायचं असेल तर एकदम चोख. मराठी मजकूर असेल तर 'एन्श्योर आस्की' फॉल्स करा, नाहीतर फाइलमध्ये नुसते युनिकोडचे कोड दिसतात. (पाययामललाही 'अलाउ युनिकोड' ट्रू सांगावं लागतं.)

आयएनआय जुनं आणि साधं, ते वाचणारा कॉन्फिगपार्सर पायथनसोबतच येतो. पण त्यात सगळं स्ट्रिंग. डीबगला फॉल्स लिहिलं आणि थेट बूल केलं तर ट्रू मिळतं, गेटबूलियनच वापरायचं. पासवर्डमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं तरी इंटरपोलेशनमुळे (टक्क्याच्या खुणेच्या जागी दुसरी किंमत भरायची सोय) कॉन्फिगपार्सर रुसतो. परत लिहिताना कॉमेंट इथेही उडतात.

मी सध्या काय करतो, तर माणसाने भरायचं ते टॉमलमध्ये, आणि प्रोग्रामला स्वतःचं काही लक्षात ठेवायचं असेल, शेवटची उघडलेली फाइल, विंडोची साइज वगैरे, तर शेजारी वेगळी जेसन फाइल. माणसाच्या फाइलला प्रोग्राम हातच लावत नाही, त्यामुळे टॉमलकिटही बहुतेक वेळा लागत नाही. फक्त इन्स्टॉलनंतर पहिल्यांदा नमुना फाइल बनवायची असते, ती मी डंप न करता कॉमेंटसकट तयार टेक्स्ट म्हणून कॉपी करतो.