नन्ही कली: मुलींच्या शिक्षणासाठी विश्वासाने निवडावा असा प्रकल्प

एखाद्या मुलीच्या शिक्षणाचा भार उचलावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी ‘नन्ही कली’ आवर्जून सुचवेन. आनंद महिंद्रा यांनी १९९६ साली के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टमार्फत सुरू केलेल्या या प्रकल्पाला पुढे नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेची साथ मिळाली आणि वैयक्तिक देणगीदारांच्या जोडीने अनेक कंपन्याही यात सहभागी झाल्या.

मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याची कार्यपद्धती. मुलगी सरकारी शाळेतच शिकते; मात्र तिच्यासाठी शिकवणीचे केंद्र चालते, तिथे वस्तीतल्याच, प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया तिचे कच्चे राहिलेले गणित आणि भाषा पक्की करून घेतात. दप्तर, वह्या-पेन यांच्याबरोबर मोठ्या मुलींना सॅनिटरी पॅडही दिले जातात, आणि हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पाळीच्या दिवसांत बुडणारी शाळा हळूहळू कायमची सुटू शकते. देणगीदाराला मुलीची माहिती आणि प्रगतीचा अहवाल मिळतो. जुन्या करप्रणालीत या देणगीवर प्राप्तिकरात वजावटही घेता येते. कंपन्यांनी मात्र एका वर्षापुरता निधी न देता मुलगी दहावी होईपर्यंतचा विचार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.