परभणीतला प्राण्यांचा दवाखाना, घोरपडीच्या अंड्यांचा अनुभव

आधीच सांगतो, घोरपड पाळलेली नव्हती, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे, घरी ठेवणं गुन्हा आहे. आमच्या शेतातल्या आखाड्यावर डुकरासाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीत अडकली, मागचा पाय चांगलाच कापला होता, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाईन नंबरवर फोन लावला, वनरक्षक आले अन त्यांच्याच गाडीत मी पण दवाखान्यात गेलो. निघताना गावातल्या एकानं गुडघ्याला लावायला तिचं तेल मागितलं, लई राग आला.

डॉक्टर मॅडमनी पाय शिवला, पोट जड लागलं म्हणून एक्सरे काढला तर आत अंडीच अंडी. टाके भरेपर्यंत फरशीच्या खोलीत पिंजऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर तीन अंडी पाण्याच्या घमेल्यात अन एक फरशीवर, मग दोन दिवस काहीच नाही, नुसती कोपरे खरडत होती. मॅडम म्हणल्या, "दादा, हिला उकरायला माती पाहिजे, नाही मिळाली की अंडी पोटातच धरून ठेवते, मग ती अडकतात अन मादी मरते." रानात ती बीळ उकरते, कधी वारुळात घालते. मी तडक गावाकडं आलो, काळी माती चिकटते म्हणून नाल्याकाठची वाळू मिसळलेली ओलसर माती दोन पोती भरून नेली, अर्धा ड्रम भरला. रात्रीतून उकरून चौदा अंडी घातली अन वरची माती सारखी करून बसली होती! मला रडूच आलं.

ही माती पहिल्याच दिवशी ठेवायला पाहिजे होती, म्हणून एक स्टार कमी. शेजारच्या खोलीत कुत्री भुंकत राहतात ते पण बरं नाही.

पण मॅडमचं ज्ञान अन समजावून सांगणं एकदम भारी. अंडी उलटी-पालटी करायची नाहीत, आतला जीव मरतो, म्हणून प्रत्येकावर पेन्सिलनं वरची बाजू खूण केली. पाण्यातली वाया गेली. नराशिवाय पण अंडी घालते का विचारलं तर म्हणल्या घालते, पण ती बहुतेक रिकामीच असतात, गावरान कोंबडी कोंबड्याशिवाय घालते तशी. पण घोरपडीच्याच जातीतली कोमोडो ड्रॅगन, इंग्लंडच्या चेस्टर झूमधली फ्लोरा, तिनं कधी नर बघितलाच नव्हता तरी 2006 मध्ये घातलेल्या तिच्या अंड्यांतून पुढच्या वर्षी पिल्लं निघाली, अन सगळे नर! कारण यांच्यात मादीकडं नर का मादी ते ठरवणारी झेड अन डब्ल्यू दोन्ही गुणसूत्रं असतात, एकटीच्या अंड्यात एकच दुप्पट होतं, दोन झेड झाले की नर, दोन डब्ल्यू झाले तर जगतच नाही.

पैसे एक रुपया घेतला नाही. अंडी वनविभागानं नेली, पाय भरल्यावर घोरपड आमच्याच शिवारात सोडली. जाळी मी त्याच्या आदल्या दिवशीच काढून टाकली होती.