घरचा कॉम्प्युटर सारखा हँग होतोय: फॉरमॅट, रॅम, एसएसडी की सरळ नवा?

घरचा कॉम्प्युटर रोज हँग व्हायला लागला की चार पर्याय पुढं येतात: विंडोज फॉरमॅट करणं (म्हणजे पुसून नव्यानं टाकणं), रॅम (चालू कामं धरून ठेवणारी मेमरी) वाढवणं, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवणं, नाहीतर नवाच घेणं. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात विचारलं तर गाडी बहुतेकदा फॉरमॅटपासून सुरू होते, कारण ते स्वस्त आणि संध्याकाळपर्यंत हातात मिळतं. माझं मत उलटं आहे. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या सहा-आठ वर्षांच्या घरगुती मशिनला सगळ्यात जास्त फरक एसएसडीनं पडतो. फॉरमॅटवर घातलेले पैसे मात्र दोन-तीन महिन्यांत वाया गेल्यासारखे वाटतात, कारण मूळ दुखणं तसंच राहिलेलं असतं.

पण आधी मशीन नेमकं कसं अडकतंय ते बघा. माउसचा बाण हलतोय, पण खिडकी पांढरी पडली, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं आणि मिनिटभरानं गाडी परत रुळावर आली, हा एक प्रकार. बाण थांबला, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं, कॅप्स लॉक दाबलं तरी कीबोर्डवरचा दिवा बदलत नाही, हा दुसरा. दोन्हींना आपण हँगच म्हणतो, पण इलाज वेगळे आहेत.

पहिला प्रकार: अडकतो आणि सुटतो

मशीन चालू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडून ठेवा. मशीन अडकेल तेव्हा डिस्कचा रकाना बघा. डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, असं दिसलं तर प्रोसेसर माल येण्याची वाट बघत बसलाय आणि माल डिस्ककडून येत नाहीये.

इथं एक गफलत होते. शेजारच्या मेमरीच्या रकान्यात ९० टक्क्यांच्या आसपास आकडा असेल, तर दोष डिस्कचा नसूही शकतो. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर टाकतं, सारखं तिथून आणतं, आणि त्यामुळं डिस्क १०० टक्के दिसते. म्हणून दोन्ही रकाने एकत्र वाचायचे. मेमरी साठ टक्क्यांवर आणि डिस्क शंभरवर असेल तर एसएसडी. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर रॅम. ४ जीबी रॅमवर विंडोज १० आणि क्रोमच्या आठ-दहा टॅब उघडल्या की दोन्ही रकाने भरतात, आणि मग रॅम आणि एसएसडी दोन्ही लागतात.

दुसरा प्रकार: पूर्ण गोठतो

यात एसएसडीवर खर्च करण्याची घाई करू नका. रॅम, उष्णता, पॉवर सप्लाय किंवा ड्रायव्हर, यांपैकी काहीतरी असतं, आणि पहिल्या दोन गोष्टी घरीच जवळजवळ फुकटात तपासता येतात. प्लग काढा, कॅबिनेटची बाजू उघडा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की रॅमच्या पट्टीवरचे सोनेरी दात काळपट पडतात. पट्टी काढून ते दात साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचे, भुगा झटकायचा आणि दोन्ही बाजूंचे चाप टक् करून बसेपर्यंत पट्टी दाबायची. पट्ट्या दोन असतील तर एकेकच लावून दिवसभर चालवून बघा. एकीवरच गोठत असेल तर चोर सापडला. विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' हे साधनही रॅम तपासतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

मग प्रोसेसरवरचा पंखा बघा. पंख्याखालच्या पातळ पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला असेल तर वारा आत जातच नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. तापमान दाखवणाऱ्या एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कामाच्या वेळी आकडा ९५ अंशांपर्यंत चढत असेल तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या पात्यांकडं नेणारा लेप) वाळली आहे असं धरून चाला. पेस्ट बदलणं हे दुकानातलं स्वस्तातलं काम आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी फक्त गोठणाऱ्या मशिनला बहुधा तेवढंच पुरतं.

वीज जाऊन आली की मशीन रीस्टार्ट होत असेल तर ते हँग होणं नव्हे. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं (वीज गेली की पटकन बॅटरीवर नेणारं) बटण असतं, ते चालू आहे का बघा.

आता चौघांची तुलना

फॉरमॅट कधी करावं? डिस्क निरोगी असताना, आणि विंडोजमध्ये व्हायरस, दोन-दोन अँटिव्हायरस, चालू होतानाच उघडणारी पंधरा सॉफ्टवेअरं अशी गर्दी झालेली असताना. त्याआधी 'स्टार्टअप'मधली नको ती नावं बंद करा, सी ड्राइव्हवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करा; निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. फॉरमॅटची खरी किंमत दुकानाच्या बिलात नसते. डेस्कटॉपवरचे फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट हे सगळं सी ड्राइव्हबरोबर पुसलं जातं. घरी पत्रिका, फ्लेक्स किंवा हिशेबाची कामं होत असतील तर हे सगळं परत बसवण्यात दोन दिवस जातात.

रॅम वाढवणं सोपं, पण नेम बरोबर हवा. डीडीआर३ प्रकारच्या रॅमच्या जागेत डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळी असते. ८ जीबी घरगुती वापराला पुरते. मशिनमध्ये ३२ बिटचं विंडोज असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला वापरताच येत नाही, आणि जुन्या मशिनमध्ये असं विंडोज अजून सापडतं. आधी ते तपासा. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव बरेच चढलेत, म्हणून गेल्या वेळचा दर मनात धरून जाऊ नका.

एसएसडीबद्दल मी इतकं ठामपणे का बोलतोय? हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी आणि तिच्यावर सरकणारा हात असतो. तो हात सेकंदाला शंभर-दीडशे ठिकाणीच पोहोचू शकतो, आणि विंडोजला चालू होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून हव्या असतात. एसएसडीत हलणारं काहीच नाही; साधी साटा (नेहमीच्या हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) एसएसडीही सेकंदाला हजारो ठिकाणचं वाचते. दहा वर्षांपूर्वीच्या मदरबोर्डलाही साटाची केबल लावायची जागा असतेच. २५६ जीबीची पुरते, जुनी डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी आतच ठेवता येते.

फक्त, जुनी डिस्क मरायला टेकली असेल तर क्रम बदलतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर पिवळ्या रंगात 'कॉशन' दाखवत असेल, किंवा कॅबिनेटमधून टक-टक आवाज येत असेल, तर फॉरमॅट नको, स्कॅन नको. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. मरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक जादा तास धोक्याचा असतो. आणि एसएसडी बसवल्यावरही बॅकअप घेत राहा, ती बंद पडते तेव्हा बऱ्याचदा आवाज न करता पडते.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा की नाही हे प्रोसेसरच्या पिढीवर ठरवा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी केलेल्या घरगुती मशिनला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहेत. विंडोज ११ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची सोय) लागतं. मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल तर एसएसडी आणि रॅम बिनधास्त घाला, अजून बरीच वर्षं निघतील. चौथी ते सातवी पिढी असेल तर फक्त एसएसडी. त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाका किंवा ते व्यवहार दुसरीकडं हलवा. मुलांचा अभ्यास, यूट्यूब, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल याला मिंट व्यवस्थित चालतं. त्याहून जुनं असेल तर एक रुपयाही घालू नका, ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड (दुरुस्त करून परत विकायला काढलेला) डेस्कटॉप वॉरंटीसह मिळतो का बघा.

शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी, सुतारवाडा या भागांत २०१९ किंवा २०२१च्या पुरात भिजून वाळवलेलं मशीन असेल तर माझा सल्ला पिढी न बघता नव्याचाच आहे. मदरबोर्डवर बसलेला गंज हळूहळू पसरतो, आणि नवी रॅम घालूनही गोठणं थांबत नाही.

काम दुकानात देणार असाल तर आधी मशिनचे आतले फोटो काढून ठेवा, बिलावर एसएसडीचा सीरियल नंबर आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. आणि काढलेली जुनी हार्ड डिस्क घरी परत आणा, ती बंद पडलेली असली तरी. तिच्यावर तुमचे आधार-पॅनचे स्कॅन आणि घरच्यांचे फोटो असतात.