संत्र्याच्या बगीच्यात ट्रॅक्टरवरचा ट्रेंचर: काम चोख, पण वाफसा पाहून बोलवा

विहिरीपासून मागच्या बगीच्यापर्यंत तीन इंची पीव्हीसीची लाईन अन् मोटरीचा केबल न्यायचा होता. जेसीबीवाला गावातच होता, पण त्याचं बकेट दोन फूट रुंद. संत्र्याच्या दोन ओळींत ते घातलं असतं तर मुळ्यांचं वाटोळं झालं असतं. म्हणून मोर्शीकडून चेनवाला ट्रेंचर, म्हणजे अरुंद नाली खोदायचं यंत्र, भाड्यानं आणला.

ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर, फिरणारी चेन अन् तिला कार्बाइड या कडक धातूचे दाते. सहा इंच रुंद, तीन फूट खोल नाली, कडा उभ्या. निघालेली माती चहापत्तीसारखी बारीक! मला सगळ्यात हेच पटलं, कारण बुजवताना पाइपावर ढेकूळ-गोटा पडत नाही. ट्रॅक्टरला क्रीपर गिअर (अगदी गोगलगायीसारखं चालवणारा) आहे का, हे मात्र फोनवरच विचारून घ्या. साधा ट्रॅक्टर पहिल्या लो गिअरमध्येही जास्त पळतो, चेन दबते अन् इंजिन बंद पडतं.

आमची जमीन काळी, भारी. वाफशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, होती तिथं काम झपाट्यानं झालं. धुऱ्याजवळ ओलिताचं पाणी मुरलं होतं, तिथं दर थोड्या अंतरावर चेन थांबवून सळईनं चिखल खरवडावा लागला. उन्हाळ्यात हीच माती दगड होते, म्हणून दिवाळीच्या आसपासचा वाफसा बरा. मुरूम तो आरामात कापतो, काळा गोटा लागला की चेन उसळते. तिथं टिकास-सब्बलच.

नालीच्या तळाशी भुसभुशीत माती उरते अन् आपलं फावडं सहा इंचात मावत नाही. आमच्या गड्यानं लांब दांड्याला खुरपं बांधून ती ओढली. वळणही घेता येत नाही, चेनचा पट्टा उचलून नव्यानं लावावा लागतो. विहिरीजवळचा शेवटचा तुकडा हातानंच खोदला.

पाइप तळाशी, वर फूटभर माती, मग वाळूत आर्मर्ड (धातूच्या कवचाचा) केबल, तोही नागमोडी. काळी माती भेगाळली की ताणलेला केबल ओढ खातो, भाऊ.

भाव फुटावर ठरवा, तासावर नको. चिखल खरवडायचा वेळ आपल्या माथी बसतो. ऑपरेटर कामाचा पक्का, पण पीटीओ शाफ्टला कव्हर नव्हतं. गड्याला दुपट्टा काढून लांब उभं केलं. ठिबकच्या मेन लाईनलाही याच माणसाला बोलावणार आहे, कव्हर बसवून आला तर.