मांजर जेवत नाही: लाडीगोडी, औषध, सिरिंज की नळी?

पोट बिघडलं की लंघन, हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. एक दिवस पोटाला विश्रांती द्यायची, मग मऊ भात सुरू करायचा. माणसाला ते मानवतं, कुत्र्यालाही एखाद्या वेळी चालून जातं. मांजराला चालत नाही. पोट बिघडलेल्या मांजराचं काय करायचं, हे ठरवताना सगळ्यात आधी हे ध्यानात घ्यायला हवं.

मांजराचं खाणं थांबलं की अंगातली चरबी यकृताकडे जायला लागते. तिथे एवढी चरबी एकदम उरकली जात नाही, ती साठत जाते. डॉक्टर याला हेपॅटिक लिपिडोसिस किंवा सरळ फॅटी लिव्हर म्हणतात. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही याची सुरुवात होऊ शकते आणि गुबगुबीत मांजरांना धोका सर्वांत जास्त. मग कावीळ होते, मळमळ वाढते, मळमळीमुळे उरलंसुरलं खाणंही बंद पडतं. मूळ पोटाचं दुखणं कदाचित साधं असतं, पण उपास त्याहून मोठा आजार होऊन बसतो.

म्हणून मोठ्या मांजराने 24 तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांकडे जावं, पिल्लू असेल तर त्याच दिवशी. ‘थोडं चाटलं’ म्हणजे जेवण नव्हे. 4 किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला सुमारे 200 कॅलरी लागतात. उकडलेल्या चिकनच्या हिशेबात ते 120 ग्रॅमच्या आसपास जातं. दोन तुकडे तोंडात धरून सोडून दिले, तर ते या हिशेबात धरू नका.

जिथे निवड करत बसायचं नाही

काही लक्षणं दिसली की पुढचं काहीही वाचत बसू नका. उलट्या थांबतच नाहीत, पाणीसुद्धा टिकत नाही. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळ्या दिसतात. पोटाला हात लावू देत नाही. बोका लघवीला वारंवार बसतो आणि थेंबही येत नाही. लस न टोचलेलं पिल्लू ओकतंय, रक्ताची शी करतंय आणि मलूल पडलंय. पिल्लाच्या बाबतीत पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) शंका घ्यावी लागते आणि त्यात तास महत्त्वाचे असतात.

आणखी एक, आपल्याकडे हमखास सापडणारं कारण म्हणजे दोरा. शिवणाचा दोरा, मांजा, हार-गजऱ्यातला धागा, राखीचा गोंडा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, एकदा दोरा अडकला की तो गिळतच जातो. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं, मग आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होतं. तोंड उघडून जिभेखाली बॅटरीच्या उजेडात बघा. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तरी ओढू नका, आतडं चिरतं. अशा मांजराला भूक वाढवायचं औषध देणं किंवा जबरदस्तीने भरवणं दोन्ही घातक आहे. म्हणून एक्स-रे किंवा सोनोग्राफीचा खर्च आधी आणि बाकी सगळं नंतर.

लाडीगोडी आणि भुकेचं औषध

मांजर चालतंय-फिरतंय, पाणी पितंय, एखादी उलटी झालीय आणि उपास अजून दिवसाच्या आत आहे, तेव्हा घरच्या घरी प्रयत्न करायला हरकत नाही. मांजर चवीपेक्षा वासावर जेवतं. फ्रीजमधलं ओलं खाणं अंगाच्या उबेइतकं गरम करा, म्हणजे वास सुटेल. ताटली उथळ घ्या, चमचाभरच वाढा, दहा-पंधरा मिनिटांनी उचला. उकडलेल्या चिकनचं पाणी किंवा मांदेलीचं मीठ न घालता उकळलेलं पाणी वर शिंपडलं तर पुष्कळ मांजरं डोकं वळवतात. सुका जवळा, सुके बोंबील खारट असतात. ते वासापुरते, तेही भिजवून, पाणी टाकून देऊन.

पण वाडगा देताना मांजराकडे नीट बघा. ते येतं, हुंगतं, ओठ चाटतं, रिकाम्या तोंडाने गिळतं आणि मान फिरवतं. काही मांजरं वाडग्याभोवतीची फरशी पंजाने उकरतात, शी झाकल्यासारखी. ही मळमळ आहे. भूक असूनही खाववत नाही. अशा वेळी लाडीगोडी जितकी लांबेल तितकं नुकसान होतं, कारण मांजर त्या वासाची मळमळीशी सांगड घालतं आणि बरं झाल्यावरही त्या खाण्याला तोंड लावत नाही. आवडतं खाणं या दिवसांत पुढे करूच नका, ते बरं झाल्यावरसाठी राखून ठेवा.

मळमळीवर मॅरोपिटंट किंवा ऑन्डॅन्सेट्रॉनसारखी औषधं डॉक्टर देतात. भूक वाढवण्यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जातं ते मिर्टाझापिन. मुळात ते माणसांच्या नैराश्यावरचं औषध, पण मांजरात भूक वाढवतं आणि उलट्याही कमी करतं. कानाच्या आत लावायचं त्याचं मलम अमेरिकेत 2018 साली मंजूर झालं. आपल्याकडे बहुधा गोळीचा छोटासा तुकडा दिला जातो. तो किती आणि किती दिवसांनी, हे वजन आणि किडनी-यकृताच्या तपासणीवर ठरतं. जास्त झाला तर मांजर रात्रभर ओरडत येरझाऱ्या घालतं. लहान मुलांच्या भुकेसाठी आपण आणतो त्या सायप्रोहेप्टाडिनचाही मांजरांसाठी वापर होतो, पण ही दोन औषधं एकमेकांच्या विरुद्ध काम करतात. म्हणून घरातली बाटली आधी देऊन मग डॉक्टरांकडे जाऊ नका, आणि दिली असेल तर ते आठवणीने सांगा. पॅरासिटामॉल तर मांजराला अजिबात नको. एका गोळीने जीव जाऊ शकतो.

या दोहोंत माझा कौल असा: लाडीगोडी पहिल्या दिवसापुरती. मळमळीची लक्षणं दिसली की आधी मळमळीचं औषध, मग भुकेचं. औषधानंतर एक-दोन दिवसांत मांजर स्वतःहून पोटभर खाऊ लागलं तर उत्तम. नाही लागलं, तर डोस वाढवायचा आग्रह न धरता पुढच्या पायरीकडे जा.

सिरिंज आणि नळी

माणसं सर्वांत जास्त अडतात ती इथे. सिरिंजने तोंडात भरवणं स्वस्त, ती घरात असते, लगेच सुरू करता येते. खाणं थेट पोटाकडे पोचवणारी नळी म्हटलं की डोळ्यांपुढे आयसीयू येतं. आमच्याकडेही ‘अहो, एवढ्याशा जिवाच्या मानेला भोक पाडायचं?’ असं मोठ्यांनी विचारलं होतंच. तरी दोन्ही प्रकार जवळून बघितल्यावर माझं मत पक्कं आहे: दोन-चार घासांचं काम असेल तर सिरिंज, त्यापुढे नळी.

हिशेब मांडून बघा. आजारी मांजरांसाठी मिळणाऱ्या पातळ खाण्यात साधारण एका मिलीला एक कॅलरी असते. म्हणजे 4 किलोच्या मांजराला दिवसाला 200 मिली. पाच मिलीच्या सिरिंजने ते चाळीस वेळा तोंडात सोडायचं, त्यातलं बरंच हनुवटीवर आणि तुमच्या बाहीवर. एका माणसाने टॉवेलात गुंडाळून धरायचं, दुसऱ्याने गालाच्या फटीतून थोडं थोडं सोडायचं. घाईत घशात गेलं तर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. इतकं करून दिवसाला निम्म्या कॅलरीही जात नाहीत आणि तुमची पावलं वाजली की मांजर कपाटाखाली पळतं. जो माणूस त्याला सर्वांत जवळचा, त्याचीच त्याला धास्ती बसते. हे मला फार क्लेशकारक वाटतं.

मानेच्या नळीचं उलट आहे. थोड्या वेळाची भूल देऊन मानेच्या डाव्या बाजूने नळी अन्ननलिकेत सोडतात, तिचं टोक जठराच्या अलीकडे ठेवतात, जागा एक्स-रेने तपासतात, टाका घालून वर मऊ पट्टी बांधतात. घरी आल्यावर भरवण्याचा प्रकार इतका शांत असतो की पहिल्यांदा खरं वाटत नाही. मांजर मांडीवर किंवा चादरीवर बसलेलं. आधी पाचेक मिली कोमट पाणी नळीतून सोडायचं. मग गाळून घेतलेलं, कोमट केलेलं पातळ खाणं दहा-पंधरा मिनिटं घेऊन सावकाश. शेवटी पुन्हा कोमट पाणी, म्हणजे नळी तुंबत नाही. मधेच मांजर ओठ चाटायला, गिळायला, लाळ गाळायला लागलं तर थांबायचं. पोटात ऊब गेली की ते डोळे मिटून घुरघुरायलासुद्धा लागतं. गोळ्याही बारीक करून त्याच वाटेने जातात, तोंड उघडण्याची झटापट संपते. आणि नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकतं. वाडगा समोर ठेवायचा, आग्रह करायचा नाही.

नळीचे तोटेही खरे आहेत. भूल द्यावी लागते, आणि खूप खालावलेल्या मांजराला आधी सलाईनवर सावरावं लागतं. भोकाच्या जागी पू होऊ शकतो, पट्टी रोज उघडून बघावी लागते. उलट्या आटोक्यात नसतील तर नळी ओकून बाहेर येऊ शकते, म्हणून आधी उलट्या थांबवायला हव्यात. बरेच दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी 200 कॅलरी द्यायच्या नसतात. पाव ते एक तृतीयांशाने सुरू करून तीन-चार दिवसांत पूर्ण करतात, नाहीतर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस धोकादायकरीत्या उतरतं. म्हणून पहिल्या काही दिवसांत रक्ततपासणी लागते. आणि एकदम खर्च होतो, तो आधी विचारून घ्या. पण सिरिंजने रेटत आठवडाभर रोज सलाईनला नेण्याचा खर्चही मांडा.

नाकातली नळी हा मधला मार्ग. तिला पूर्ण भूल लागत नाही, नाक बधिर करून लगेच घालता येते. पण ती बारीक असते, फक्त अगदी पातळ खाणं जातं, मांजर शिंकून किंवा पंजाने काढून टाकतं, म्हणून गळ्यात कॉलर ठेवावी लागते. तीन-चार दिवसांत मांजर सावरेल अशी आशा असेल, किंवा भूल देण्याइतकं बळ अजून नसेल, तर तीच योग्य. यकृतापर्यंत गोष्ट गेली असेल तर कित्येक आठवडे भरवावं लागतं. तिथे मानेची नळीच हवी.

दवाखान्यात की घरी

सलाईन शिरेतून द्यायचं असेल, उलट्या चालू असतील, कावीळ असेल तर भरती करा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय 2024 मध्ये सुरू झालं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्याच जास्त येतात, तिथे मांजराला नळी घालण्याची सोय बहुधा नसते. पण मळमळीचं इंजेक्शन आणि कातडीखाली सलाईन मिळालं तरी मोठ्या शहरापर्यंत पोचायला उसंत मिळते. सलाईननंतर खांद्यावर फुगा दिसतो, तो काही तासांत जिरतो. उलट्या थांबल्या असतील तर मात्र घरचं उत्तम, कारण अनोळखी पिंजऱ्यात, शेजारी कुत्री भुंकत असताना मांजर जेवत नाही.

काय भरवायचं

रॉयल कॅनिन रिकव्हरी किंवा हिल्स ए/डी यांसारखे डबे महाग आहेत, पण थोड्या खाण्यात जास्त कॅलरी, टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं पोषकद्रव्य) आणि जीवनसत्त्वं मिळतात. नळीसाठी तेच सोयीचे. उकडलेलं चिकन दोन-चार दिवस चालतं, पुढे ते अपुरं पडतं. दहीभात मांजराचं औषध नव्हे: भातातून त्याला हवं ते प्रथिन मिळत नाही आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतच नाही. घरच्या रश्श्यातलं चिकन धुऊनही देऊ नका, कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

बरं झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच, उलट्या, पातळ शी, वजन उतरणं असं होत असेल, तर आतड्याच्या जुनाट सुजेची शंका घेतात. तिथे दोन प्रकारचं खाणं पुढे येतं: हायड्रोलाइज्ड (म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनाचं, नाहीतर मांजराने कधी न खाल्लेल्या मांसाचं. आपल्याकडच्या मांजरांचं आयुष्य कोंबडी-मासळीवर गेलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या प्रकारात बदक, मटण असं काहीतरी शोधावं लागतं आणि त्याला दुसरं काही न देण्याचं पथ्य घरातल्या सगळ्यांनी पाळावं लागतं. ते जमणार नसेल तर हायड्रोलाइज्ड घ्या. फरक पडायचा असेल तर बहुतेकदा दोन आठवड्यांत दिसतो. सोबत रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असेल तर खाणं बदलूनही भूक लागत नाही.

नळी काढायची घाई मात्र करू नका. मांजर एक दिवस हौसेने जेवलं म्हणून ती काढली आणि तिसऱ्या दिवशी खाणं पुन्हा बंद झालं, तर पुन्हा भूल आली. नळीतून काहीही न देता आठवडाभर स्वतःच्या तोंडाने जेवतंय आणि वजनकाट्यावर वजन टिकतंय, एवढं बघा, मग काढायला न्या. काढताना बहुधा भूल लागत नाही. टाका कापून नळी ओढून घेतात आणि भोक काही दिवसांत आपोआप भरून येतं.