डेंटिनवर रेझिनची पकड: आम्ल लावून धुण्याची पद्धत की सेल्फ-एच?

दातात रेझिनचे, म्हणजे दाताच्या रंगाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, भरण चिकटवण्याच्या दोन पद्धती आहेत: आम्ल लावून धुण्याची आणि सेल्फ-एच, ज्यात चिकटवणारे द्रव्यच आम्लाचे काम करते. सुरुवातीला दोन्ही पद्धतींची पकड चांगलीच असते. खरा फरक दिसतो तो काही काळ लोटल्यावर, आणि तोही इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर नव्हे, तर त्याखालच्या ओलसर, कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाने युक्त डेंटिनवर.

पहिल्या पद्धतीत साधारण ३७ टक्के फॉस्फरिक आम्ल डेंटिनवर सुमारे १५ सेकंद ठेवून धुतले जाते. त्यामुळे काही मायक्रोमीटर खोलीपर्यंतचे खनिज निघून जाते आणि कोलॅजेनचे उघडे तंतू उरतात. पृष्ठभाग जास्त वाळवला तर हे तंतू कोसळून एकमेकांना चिकटतात, आणि फार ओला ठेवला तर रेझिन तळापर्यंत पोहोचत नाही. रेझिनने न वेढलेल्या अशा तंतूंवर डेंटिनमधीलच एमएमपी विकरे (कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स) काम सुरू करतात, पाणी रेझिनचे विघटन करते आणि जोड आतून पोखरला जातो. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने विकरांची ही क्रिया मंदावते, कायमची थांबत नाही.

सेल्फ-एच पद्धतीत आम्लधर्मी मोनोमर (ज्यांच्या जोडणीतून रेझिन बनते तो लहान रेणू) खनिज विरघळवत असतानाच आत शिरतो. धुण्याचा प्रश्नच येत नाही. पीएच २ च्या आसपास असलेल्या सौम्य प्रकारात कोलॅजेनभोवती काही खनिज शिल्लक राहते आणि १०-एमडीपी हा मोनोमर त्यातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो. डेंटिनवरील टिकाऊपणासाठी माझा कौल निःसंशय याच प्रकाराला, विशेषतः त्याच्या दोन टप्प्यांच्या रूपाला आहे, ज्यात आम्लधर्मी द्रव्यानंतर चिकट रेझिनचा थर वेगळा लावतात. एकाच टप्प्यातील सेल्फ-एचचा थर जलस्नेही असल्याने डेंटिनमधील पाणी त्यातून झिरपते. इनॅमलवर मात्र सौम्य आम्लाचा परिणाम उथळ होतो, म्हणून तेथे कडांपुरते फॉस्फरिक आम्ल आधी लावून धुवावे आणि ते डेंटिनवर ओघळू देऊ नये.